सुई धरणारा जिन्न

भूतं उतरवणाऱ्या असानकुल बक्शीने सायराकानच्या कानामागे सुई टेकवून हात काढून घेतला, तरी सुई पडली नाही. खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती, जाळलेल्या आर्चा झुडपाच्या धुराने डोळे झोंबत होते. सुई तशीच लटकलेली पाहून साऱ्या शेजाराच्या तोंडचं पाणी पळालं.

"जिन्नाने लोखंड धरलंय," बक्शी म्हणाला. मग त्याने जिन्नाचं नाव, गाव, खानदान असं धडाधड सांगितलं, जणू दोघं एका ताटात जेवले होते.

सायराकानला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तापात तिचे कान गेले होते. राजधानीत, बिश्केकला, ऑपरेशन करून कानामागे कातडीखाली यंत्र बसवलं होतं. त्यावर बाहेरून बटण लावलं की आवाज यायचे. पण कसले आवाज! नवरा बोलला की पत्रा खरवडल्यासारखं वाटे, लेक हसली की नुसती शिट्टी. घाबरून ती किंचाळली आणि सासूने, ऊलकानने, बक्शीला बोलावलं. खरं सांगायचं तर आता सायराकानलाही वाटत होतं की हे आवाज माणसांचे नव्हेतच.

बक्शीने आधीच काढून घेतलेलं बटण वर धरलं. त्याच्या ओठांवरून तिला कळलं, "हे जाळा, जिन्न जाईल." बटण जळालं तर लेकीची ती शिट्टीसुद्धा कायमची गेली. बक्शी लोखंडी चुलीचं दार उघडायला वाकला, तोच बटण त्याच्या बोटांतून निसटून दाराला चिकटलं.

तेव्हा कुठे तिला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. आत लोहचुंबक, बाहेर लोहचुंबक, म्हणून तर बटण डोक्याला धरून राहतं. भीतीपायी ती सगळं विसरली होती. तिने बटण ओढून घेतलं आणि डोक्यावरची सुई त्याला लावली. सुई चिकटली.

"जिन्न माझ्या डोक्यात आहे ना, बाबा? मग ही कोणी धरली?"

जिन्नाने उडी मारली, असं बक्शी म्हणाला. सायराकानने दुसरी सुई मागितली. एक डोक्याला लावली, एक बटणाला, आणि दोन्ही चिकटल्या. लोक हसायला लागले. बक्शीने टोपी उचलली आणि दाराबाहेर पडला.

तिने बटण पुन्हा लावलं. सासू काहीतरी बोलली आणि सायराकानच्या अंगावर काटा आला.

"सासूबाई, तुमचा आवाज अजून भुतासारखाच येतोय. मेंदूला हे सगळं नवं आहे, रोज ऐकून ऐकून सवय होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. तुम्ही बोलत राहा."

"मला तुझीच भीती वाटत होती गं," ऊलकान म्हणाली आणि बोलत राहिली.

भीती कोणालाही वाटते, त्यात लाज कसली? पण भ्यालेल्या माणसाने आधी जाणत्याला विचारावं. तेवढं विचारलं नाही, म्हणून त्या घरात एका आईचे कान चुलीत जाणार होते.