पाचवं पार्टिशन

रक्तपेढीतली तंत्रज्ञ तशी हाताला पक्की. अकरा वर्षांत तिच्या हातून एक पिशवी इकडची तिकडे झाली नव्हती. पण त्या दुपारी कॉम्प्युटरची डिस्क भरली, म्हणून तिने रिकामं दिसणारं एक पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक कप्पा, कोणाला न विचारता उडवलं आणि मशीन परत सुरू केलं. काळ्या पडद्यावर आलं, 'असं पार्टिशन नाही'. खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि पुढे लुकलुकणारी रेघ.

तेवढ्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर धावत आली. "ताई, बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये. तिचा तो दुर्मीळ गट! होती ती एकच पिशवी लावली. दात्यांना बोलवा, लवकर."

त्या गटाचे दाते तीन. तिघांचे नंबर याच मशीनमध्ये.

"बोलावते," ती म्हणाली.

तिने मावशीला फोन लावला. मावशीची उभी हयात कॉलेजात कॉम्प्युटर शिकवण्यात गेली होती.

"मावशी, मी घात केला गं."

"रडायचं नंतर, चिमे. आधी पडद्यावर काय आहे ते वाच."

तिने वाचलं.

"कितवं उडवलंस?"

"पाचवं."

"मग सहावं सरकून पाचवं झालंय, आणि मशीन सुरू करून देणारा तो ग्रब बसलाय सहावं शोधत. डेटा जागेवर असेल. आत काय आहे ते बघायला एल एस लिही, पुढे कंसात पाचव्याचं नाव, शेवटी तिरकी रेघ."

तिने लिहायला घेतलं. नावातला एक स्वल्पविराम राहिला, मशीनने झिडकारलं. दुसऱ्यांदा मात्र आतल्या फोल्डरांच्या नावांची ओळ उमटली.

"बूट नावाचा फोल्डर दिसतोय, मावशी!"

"हुश्श! आता प्रीफिक्स, म्हणजे ग्रबने कुठे बघायचं तो पत्ता, त्याच बूटमधल्या ग्रबवर लाव. मग लिही इन्समॉड नॉर्मल, मग नुसतं नॉर्मल. एकेक अक्षर बघून."

सिस्टर पुन्हा दारात. "निघाले का दाते?"

खोटं बोलायला जीभ रेटेना. "यादीच उघडत नाहीये. माझ्याच हातून बिघडलंय."

सिस्टर पांढरीफटक पडली आणि तशीच थिएटरकडे परत धावली.

तिने शेवटचं नॉर्मल लिहून एंटर दाबलं. पडदा काळाच. तिला वाटलं, संपलं. मग मेन्यू आला, आणि मिनिटाभराने यादी उघडली.

पहिला फोन बंद. दुसरा वाजत राहिला, कोणी उचललाच नाही. तिसरा एका वेल्डरने उचलला. त्याने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "आलोच," म्हणाला, आणि वीस मिनिटांत काळ्या हातांनीच दारात उभा राहिला.

त्याचं रक्त तपासून बाळंतिणीला लावलं, आणि संध्याकाळी ती धोक्याबाहेर आली. मावशीच्या सांगण्यावरून तंत्रज्ञ ताईने ग्रब नव्याने बसवला, मशीन दोनदा बंद-चालू करून पाहिलं. मग मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"लेखी द्या," ते म्हणाले. "आणि आधी बसा. पाय लटपटताहेत तुमचे."