दुसरीने पाहिलेली झोप

लतिका अळूवडीचे उकडलेले उंडे कापत होती, तेव्हा वृंदा ओट्याशी येऊन उभी राहिली. आरती होऊन गेली होती, गणपतीला आलेली माणसं बाहेर गप्पा मारत बसली होती. वृंदा लतिकाच्या नवऱ्याच्या, भालचंद्रांच्या ऑफिसातली. दिल्लीला लागून असलेल्या वैशालीहून कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसापर्यंत दोघं तिथल्याच श्रीरंगच्या गाडीतून जायची.

"वहिनी, एक सांगू? रागावू नका," वृंदा हळू आवाजात म्हणाली. "सर झोपेत श्वास घ्यायचे थांबतात."

सुरी उंड्यात अर्ध्यावरच राहिली.

"कुठे?"

"गाडीत. अक्षरधाम आलं की त्यांचा डोळा लागतो. आधी घोरतात, मग एकदम सगळं शांत. छाती हलते, पण श्वास येत नाही. मग गुदमरल्यासारखे दचकतात. माझ्या वडिलांचं असंच व्हायचं. डॉक्टरांना दाखवाल?"

"बघते," लतिका म्हणाली आणि सुरी खाली दाबली. त्या उंड्याच्या वड्या वेड्यावाकड्याच झाल्या.

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, तेव्हापासून लतिका तिच्या खोलीत झोपत होती. कारण घोरणंच. ते भिंतीपलीकडूनही ऐकू यायचं, आणि मधेच थांबलं की तिला वाटायचं, चला, कूस बदलली एकदाची. आणि आता ही परकी बाई तिच्याच स्वयंपाकघरात उभी राहून, आपला नवरा झोपल्यावर कसा दिसतो हे आपल्याला सांगत होती. छाती हलते म्हणे. किती जवळून बघितलं असेल?

दुसऱ्या दिवशी इस्त्री करताना तिने त्यांच्या शर्टाचा खांदा खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. काही नव्हतं. तिने त्यावरून पुन्हा इस्त्री फिरवली.

"गाडीत मागे कोण बसतं?" जेवताना तिने विचारलं.

"मी आणि वृंदा. पुढे श्रीरंगची बायको असते, ती मंडी हाऊसला उतरते. का गं?"

"आता मेट्रो अगदी दारात आलीये. मेट्रोने जात जा ना. गाडीत गुडघे आखडतात तुमचे."

भालचंद्रांना वाद घालायची सवय नव्हती. "चलो, तेही करून बघू," म्हणून त्यांनी मेट्रोचं कार्ड काढलं. एकदा डब्यात झोप लागून ते थेट द्वारकेला पोचले. घरी येऊन त्यांनी ते हसत हसत सांगितलं, आणि लतिकाही हसली. शेजारी कोण होतं हे तिने विचारलं नाही. जे कोणी असेल त्याला नाव नव्हतं, तेवढं तिला पुरेसं होतं.

डॉक्टरांचा विषय तिने काढलाच नाही. काढला असता तर, हे तुला कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं असतं. प्रेशरची गोळी वाढली. सकाळी उठल्या उठल्या त्यांचं डोकं जड असायचं. दिल्लीची हवाच तशी, असं दोघंही म्हणत राहिले.

दिवाळीनंतर ऑफिसच्या जिन्यात भालचंद्रांच्या छातीत कळ आली. श्रीरंगचा फोन आला तशी लतिका ऑटो करून हॉस्पिटलात पोचली. कॉटपाशी वृंदा बसली होती. भालचंद्रांचा चष्मा आणि घड्याळ तिच्या मांडीवर होतं.

"द्या इकडे," लतिका म्हणाली. दोन्ही वस्तू पर्समध्ये टाकून तिने चेन ओढून घेतली.

वृंदा उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली. घरी मात्र गेली नाही.

डॉक्टर आले. अटॅक लहान होता, वेळेवर आणलंत, म्हणाले. कागद चाळता चाळता त्यांनी मान वर केली.

"इतनी दवाई पर भी बीपी नीचे नहीं आता. नींद में साँस रुकती है इनकी? घर में किसी ने देखा है?"

लतिकाने वृंदाकडे पाहिलं. वृंदा खाली फरशीकडे बघत होती. तिने तोंड उघडलं नाही. ती उघडणारच नाही, हे लतिकाला कळलं. गणपतीच्या दिवशी ओट्याशी काय झालं, ते ही मुलगी कधीच ओळखून बसली होती. नहीं मालूम, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

"रुकती है," लतिका म्हणाली.

"आपने देखा है?"

"मैंने नहीं." तिने हात लांब करून वृंदाचं मनगट धरलं आणि तिला पुढे ओढलं. "इन्होंने देखा है."

मग वृंदा सांगत गेली आणि डॉक्टर लिहीत गेले. लतिका कॉटचा दांडा धरून ऐकत होती. डॉक्टरांनी तिला समजावलं. श्वास थांबला की रक्तातला प्राणवायू उतरतो, शरीर घाबरून जागं होतं, प्रेशर उसळतं. रात्रभर हेच. वर्षानुवर्षं असं चाललं की रक्तवाहिन्यांना आतून सूज येते, त्या कडक होतात, आणि ताण हृदयावर येतो. अटॅक फक्त यामुळेच आला असं नाही म्हणणार, पण याचा हात आहे. झोपेची तपासणी करू, रात्री लावायचं मशीन मिळतं.

डॉक्टर गेले. भालचंद्रांचा डोळा लागला होता.

"श्वास थांबला की तू काय करायचीस?" लतिकाने विचारलं.

"हाक मारायचे."

"काय म्हणून?"

"सर म्हणून, वहिनी."

लतिकाने मान हलवली. तेवढ्यात घोरणं तुटलं. भालचंद्रांची छाती एकदा उचलली गेली, पुन्हा उचलली गेली, पण नाकातोंडातून काहीच येईना. वृंदाचे ओठ विलगले, आणि तिने ते मिटून घेतले.

"अहो," लतिका म्हणाली. "अहो!"

काही नाही.

लग्नात उखाणा घेतल्यानंतर तिने ते नाव त्यांच्या तोंडावर कधी उच्चारलं नव्हतं. ती वाकली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "भालचंद्र."

त्यांनी घरघरत मोठा श्वास ओढला. डोळे अर्धेच उघडले.

"आलं का ऑफिस?"

"अजून नाही," लतिका म्हणाली. "झोपा तुम्ही. मी बघतेय."