थुंकीतले पूर्वज

"तुमच्या घराण्यात एक पुरुष एकेचाळिसाव्या वर्षी गेला. झोपेत, छातीत कळ येऊन. खरं की खोटं?"

पापडी गावच्या त्या हॉलमध्ये तीनशे माणसं बसली होती, पण पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. व्यासपीठावर पांढरा कोट चढवलेले जितेंद्र सर हातात कागद धरून उभे होते. समोर पहिल्या रांगेत आमचा गॉडफ्रे, केळीच्या बागेचा मालक, साठीचा गडी. गावातल्या कुठल्याही भांडणात त्याने कधी मान खाली घातली नव्हती. तो उठला आणि सगळ्यांसमोर हमसून रडायला लागला.

"माझा बाप," तो म्हणाला. "मी सहा वर्षांचा होतो. तुम्हाला कोनी सांगितलं?"

"कोणीच नाही," सर हळुवार आवाजात म्हणाले. "तुमच्या थुंकीनं सांगितलं. दादा, थुंकीत पूर्वज बोलतात. फक्त ऐकणारा पाहिजे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी तर छातीवर क्रूसाची खूण केली. माझ्या अंगावर काटा आला नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. आला होता, आणि त्याचा मला राग आला होता.

मी विनिता. राहते बोळिंजला, पण गेली तेवीस वर्षं पापडीत रक्त-लघवी तपासणीची छोटी लॅब चालवते. लोकांच्या नळ्या हाताळण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे नळी हातात घेऊन कोणी चमत्कार दाखवायला लागला की मला आधी त्या नळीचं झाकण बघावंसं वाटतं. या जितेंद्र सरांच्या कंपनीचं नाव 'जनुकदीप'. घरी एक चकचकीत डबा यायचा. उपाशीपोटी नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, डबा परत पाठवायचा. एकवीस दिवसांनी मोबाईलवर रिपोर्ट: कुठला आजार तुमच्या वाट्याला किती टक्के, ते लाल, पिवळ्या, हिरव्या रंगात. सोबत लाल रंगावर उतारा म्हणून 'जनुकशुद्धी'चे थेंब. बोळिंजच्या क्लबहाउसमध्ये हेच सर सांगून गेले होते, की पितृदोष म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, जनुकदोष. पापडीत आल्यावर त्याच तोंडाने त्यांनी आदिपाप जनुकांत असल्याचं सांगितलं. गाव बदललं, देव बदलला, डबा तोच.

तरी मी गप्प होते. कारण जनुकं काही खोटी नाहीत. काही कॅन्सर घराण्यात उतरतात, त्यांची तपासणी असते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने केली तर ती उपयोगी पडते. भुताखेताची गोष्ट असती तर मी पहिल्याच दिवशी हसून मोकळी झाले असते. इथे शब्द सगळे खरे होते. आणि गॉडफ्रेच्या बापाचं वय बरोबर निघालं होतं, ते मला कुठेच बसवता येत नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी गॉडफ्रे लॅबमध्ये आला. चेहरा ओढलेला, ओठ कोरडे. उपाशीपोटी साखर निघाली तीनशे बारा.

"गोळ्या घेतोस ना?"

"बंद केल्या. रिपोर्टात डायबेटिस हिरवा आलाय. लाल फक्त हार्ट, त्याचे थेंब चालू हायेत."

"अरे, तुझं रक्त इथं माझ्यासमोर ओरडतंय आणि तू रंग बघतोस?"

"मशीन तुझं जुनं असेल," तो म्हणाला.

मी त्याच्यासमोर डॉक्टरांना फोन लावला आणि त्याला रिक्षात बसवून पाठवलं. आणखी कितीजणांनी हिरवा रंग बघून गोळ्या नाल्यात टाकल्या असतील, हा विचार काही डोक्यातून जाईना.

त्यानंतरच्या गुरुवारी ॲनिशा आली. माझ्या मैत्रिणीची, लूर्डसची, एकुलती एक मुलगी. सव्वीस वर्षांची, अंधेरीत चांगल्या नोकरीवर, जानेवारीत कॅल्विनशी लग्न. मी तिला झबल्यात असल्यापासून बघत आलेय. तिने पुढे केलेल्या कागदावर तपासण्यांची यादी होती: रक्तगट, रक्त गोठण्याची वेळ, कावीळ, एचआयव्ही. असली यादी कशासाठी असते ते मला वाचायच्या आधीच कळतं.

"कसलं ऑपरेशन?"

"मंगळवारी आहे, आंटी. हायवेजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये. जनुकदीपवाल्यांनीच डॉक्टर दिलाय." तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. लालभडक पट्टी होती, तिच्यावर सत्त्याऐंशी टक्के, स्तनांचा कर्करोग. खाली एक ओळ: मातृवंशातून आलेला दोष, आजी, वय बावन्न, मावशी, वय चव्वेचाळीस. "दोन्ही काढून टाकणार. आजी गेली, मावशी गेली. मी वाट बघत नाही बसणार."

"गाठ आहे का कुठं? कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलंस? हा रिपोर्ट दुसरीकडून तपासून घेतलास?"

"आंटी, त्यांना मावशीचं वयपण कळलं! अजून काय प्रूफ पाहिजे?" मग आवाज बारीक झाला. "मम्मीला सांगू नका. ऑफिसच्या कामानं पुण्याला जाते असं सांगितलंय. तिनं आधीच दोघींना पुरलंय."

मी तिचं रक्त काढलं. सुई टोचताना ती दुसरीकडे बघत होती, आणि मला रडू आवरत नव्हतं. कॅल्विनलाही तिने सांगितलं नव्हतं. झाल्यावर बघू, म्हणाली.

तेवीस वर्षांत मी एकाही माणसाची गोष्ट लॅबच्या उंबऱ्याबाहेर नेली नव्हती. तो एक नेम माझ्याकडे होता. तो मी शुक्रवारी सकाळी मोडला. मला त्याची लाज वाटते आणि पश्चात्ताप वाटत नाही.

लूर्डस ओट्यापाशी मासळी साफ करत होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती कोसळेल. ती कोसळली नाही, सुरी खाली ठेवून मलाच दरडावल्यासारखं म्हणाली, "खोटं हाय ते."

"मलाही शंका आहे. पण तुला एवढी खात्री कशी?"

तिने नळाखाली हात धरले. मासळीचा वास गेला तरी ती धूतच राहिली.

"माझ्या आयचं तिच्यात काय येनार, विनिता? ती माझ्या पोटची नाय."

एडवर्ड, तिचा नवरा, तेव्हा हुबळीला नोकरीत होता. लूर्डसला मूल राहत नव्हतं. दोघांनी तिकडच्या एका अनाथाश्रमातून रीतसर कागदपत्रं करून चाळीस दिवसांची मुलगी घेतली आणि वर्षभराने गावी परतले. बाळंतपण तिकडेच झालं असं गावाने समजून घेतलं, बाप्तिस्म्याचं जेवण जेवलं. आता एडवर्ड जाऊन सात वर्षं झाली होती. ही गोष्ट जाणणारी जगात एकटी लूर्डस उरली होती.

"सांगितलं तर ती मला सोडून जाईल," ती म्हणाली. "लग्नाच्या तोंडावर सांगू? कॅल्विनच्या घरचे काय म्हनतील?"

"नाही सांगितलंस तर मंगळवारी तिला कापतील."

माझं बोलणं क्रूर होतं. दुसरं काही सुचलंच नाही मला. लूर्डस भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "संध्याकाळी तू थांब इथं. मला एकटीला जमनार नाय."

ॲनिशा साडेसातला आली. मला तिथे बघताच तिला कळलं, की मी बोलले. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. लूर्डसने कपाटातून दत्तकाचे कागद काढले, टेबलावर ठेवले आणि चार वाक्यांत सांगून टाकलं.

ॲनिशाने कागद वाचले, पुन्हा वाचले. आईकडे न बघताच म्हणाली, "मग माझ्या थुंकीत आजी कुठून आली?"

शहाणी पोर! मी तीन आठवडे ज्या भिंतीवर डोकं आपटत होते, ती तिने एका प्रश्नात पाडली. थुंकीतून आली नाही, तर कुठून तरी आली. बावन्न आणि चव्वेचाळीस हे दोन आकडे कोणीतरी कुणाला तरी दिले होते.

"मम्मी, हे कोणाला सांगितलंस तू?"

"कोनाला सांगनार मी? घरातल्या मयताची गोष्ट..." लूर्डस बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला. "झाड! मे महिन्यातलं झाड!"

मग मलाही आठवलं. मे महिन्यात गावच्या महोत्सवात वंशवृक्ष स्पर्धा झाली होती. आमच्या पापडीकरांना घराण्याचा अभिमान केवढा, ते काय सांगू! सात पिढ्या नावानिशी सांगणाऱ्याला इथे पंगतीत आंबा आधी वाढतात. कोण्या प्रायोजकाने मोठाले छापील तक्ते वाटले होते, पहिलं बक्षीस फ्रिज. प्रत्येक नावापुढे जन्म, मृत्यूचं वय, मृत्यूचं कारण असे रकाने. लोक दफनभूमीत जाऊन थडग्यांवरच्या तारखा उतरवून आणत होते, कॅनडातल्या आत्यांना फोन करत होते. रकाना रिकामा राहिला तर गुण कमी. तक्त्याच्या वर कोपऱ्यात नाव आणि मोबाईल नंबर. तक्ते प्रायोजक घेऊन गेला, आणि गाव फ्रिज कोणाला मिळाला यावरून भांडत बसलं. चार महिन्यांनी दुसऱ्याच नावाची कंपनी डबे घेऊन आली, तेव्हा दोन्हींचा संबंध लावणार कोण?

लूर्डसच्या फोनमध्ये तिच्या तक्त्याचा फोटो होता. रंगीत पेनांनी किती हौसेने काढलेलं झाड! वरच्या फांदीवर आजी, बावन्न, छातीचा कॅन्सर. बाजूला मावशी, चव्वेचाळीस, तोच. आणि लूर्डसच्या नावाखाली, सगळ्यांत सुंदर अक्षरात, ॲनिशा. ॲनिशाने ते बोटांनी मोठं करून पाहिलं, फोन उलटा ठेवला आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर सरांची पुढची सभा होती. पुन्हा हॉल भरला. सर रंगात आले होते. "विज्ञान म्हणजे काय? विज्ञान म्हणजे विश्वास!" असं म्हणून त्यांनी नुकताच दम घेतला होता, एवढ्यात ॲनिशा उठली आणि थेट व्यासपीठावर चढली. दोन दिवस ती आईशी एक शब्द बोलली नव्हती.

"सर, माझ्यातला दोष माझ्या आजीकडून आला ना?"

"शंभर टक्के, बेटा. मातृवंश कधी खोटं बोलत नाही."

"नळीतून कळलं?"

"नळीतूनच. दुसरीकडून कसं कळणार?"

"मला दत्तक घेतलंय," ॲनिशा म्हणाली. माईक तिच्या हातात होता. "या आजीचं आणि माझं रक्ताचं नातं नाही. आता सांगा."

लूर्डसने पदर तोंडावर घेतला होता. सर हसले. "बेटा, हे फार खोल सायन्स आहे. घरातल्या माणसांच्या पेशी एकमेकांच्या लहरी पकडतात. यालाच क्वांटम म्हणतात..."

"लहरी पकडतात, मग गेल्या महिन्यात माझी साखर का नाय पकडली?" हा गॉडफ्रे. तो उठून उभा होता. ॲनिशाने मेच्या तक्त्याचा फोटो वर धरला आणि स्वतःचा रिपोर्ट त्याच्या बाजूला. मग तिला फार काही बोलावं लागलं नाही. गॉडफ्रेने सुनेला हाक मारली, "मर्सी, आपल्या झाडाचा फोटो काढ!" मर्सीने काढला. पणजोबा, आजोबा, बाप: एकेचाळीस, झोपेत, छातीत कळ. शब्दसुद्धा बदलला नव्हता. रांगारांगांतून फोन निघायला लागले. ज्यांनी तक्ते भरलेच नव्हते, त्यांच्या रिपोर्टात सांधे, पित्त आणि रक्तदाब होता. साठीतल्या कुठल्या माणसाला यातलं एकही नसतं?

"लॅबशी बोलून येतो," म्हणून सर मागच्या दाराने गेले ते गेलेच. ॲनिशाने मंगळवारचं ऑपरेशन रद्द केलं आणि त्या हॉस्पिटलच्या नावासकट पोलिसांत तक्रार दिली. आठवड्याभराने नालासोपाऱ्यातल्या एका भाड्याच्या गाळ्यात सिमेंटच्या गोण्या सापडल्या. ओळख पटवायला मला बोलावलं होतं. आत गावातल्या सगळ्यांच्या नळ्या होत्या, नावाच्या चिठ्ठ्यांसकट. एकाही झाकणाचं सील उघडलेलं नव्हतं. आत थुंकी वाळून बुरशी धरलेली. तपासणी नावाची गोष्ट झालीच नव्हती, कधीच आणि कोणाचीच. आणि तेवढ्यावर एक पोर आपलं शरीर कापून घ्यायला निघाली होती.

नंतर ॲनिशा खऱ्या कॅन्सरतज्ज्ञ बाईंकडे गेली. मीही सोबत होते. "माझ्या रक्ताच्या नात्यांचं मला काहीच माहीत नाही," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "मग ते माहीत नाही असंच धरून चालायचं. आज गाठ नाही, त्रास नाही. वयानुसार तपासण्या करत राहा, पुढे खरी जनुक-चाचणी करावीशी वाटली तर आधी समुपदेशकाशी बोलू. आणि धोका निघाला, तरी धोका म्हणजे आजार नव्हे." ॲनिशा बाहेर येऊन बाकावर बसली आणि त्या शुक्रवारनंतर प्रथमच रडली. मग फोन काढून म्हणाली, "मम्मी, मी घरी येतेय. जेवायला काय आहे?"

डिसेंबरात चर्चमध्ये लग्नाची घोषणा झाली. एडवर्ड आणि लूर्डस यांची कन्या ॲनिशा, असं फादरनी वाचलं. नाव कसं लावायचं ते त्यांनी ॲनिशालाच विचारून घेतलं होतं.

आमचे तक्ते मात्र अजून सापडलेले नाहीत. त्या गाळ्यात नव्हते. शेकडो घराण्यांचे मृत्यू, वयं आणि कारणं घेऊन तो माणूस कुठल्यातरी गावात नवा कोट शिवत असेल, आणि तिथेही आधी कसली तरी स्पर्धा होऊन गेली असेल. म्हणून एवढंच सांगते. रिपोर्ट हातात आला की कुठल्या प्रयोगशाळेचा, सही कोणाची, हे विचारा आणि आपल्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय गोळी बंद करू नका की शरीराला सुरी लावू नका. आणि कोणी तुमच्या घरातलं मेलेलं माणूस वयासकट अचूक सांगितलं, तर त्याच्या पाया पडण्याआधी घरी या, शांत बसा आणि आठवा, हे आपण कुणाला सांगितलं होतं.