दम खाणारी घरगाडी

बसडेपोत उभी हयात वेळापत्रकं आखणारा माणूस निवृत्तीनंतर घरगाडी विकत घेतो, तेव्हा तो मन मानेल तसं भटकायला घेतो असं कुणी समजू नये. गाडीतल्या घडीच्या टेबलावर साहेबांनी सगळ्यात आधी चिकटवलं ते प्रवासाचं वेळापत्रक. चहा कुठे आणि किती वाजता, हेसुद्धा त्यात होतं. डेपोत लोक त्यांना मागे ‘घड्याळसाहेब’ म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं, आणि ती त्यांना पदवीच वाटे.

गाडी त्यांच्या थोरल्या मुलीच्या वयाची होती. नळ सोडला की खोकायची, वळणावर कपाटाचं दार उघडून पेले खाली लोटायची, पण इंजिन ठणठणीत होतं. विकणाऱ्यानं तसं सांगितलं होतं, आणि आधीच्या लहानसहान फेऱ्यांत गाडीनं त्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता. मोठ्या प्रवासाच्या आदल्या दिवशी साहेबांचा मेहुणा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा धाकटा भाऊ, गाडी बघायला आला. त्याचं पडद्यांचं दुकान होतं आणि त्याला सगळ्यातलं सगळं कळत होतं.

“दाजी, टाकीचं झाकण अगदीच पुचाट आहे,” तो म्हणाला. “कुणीही पेट्रोल काढून नेईल.”

साहेबांनी लगेच कुलपाचं नवं कोरं झाकण आणून बसवलं. किल्ली ताईंच्या पर्समध्ये गेली. साहेबांच्या पत्नीला नात्यातले, शेजारचे, सगळेच ताई म्हणत. किल्ल्या त्यांच्याकडेच असत, कारण साहेब फक्त वेळ सांभाळत. वस्तू त्यांच्या हातून हरवत.

जायचं होतं डोंगरापलीकडे, समुद्राकाठी, साहेबांच्या थोरल्या भावाकडे, दादांकडे. निघाल्यावर तासाभरानं गाडीनं दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला गप्प झाली.

“थांबली,” साहेब म्हणाले.

“दिसतंय,” ताई म्हणाल्या.

साहेबांनी बॉनेट उघडलं. प्लग काढून पाहिला, ठिणगी पडत होती. पाणी होतं, ऑइल होतं. कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडली, तर ती कोरडी ठाक. टाकीत पेट्रोल भरपूर, आणि इंजिन मात्र तहानलेलं. त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

“गरमीनं नळीत वाफ अडकते, दाजी. इंजिनाजवळच्या पंपावर ओलं फडकं टाका. मग बघा.”

साहेबांनी ताईंचा नवा टॉवेल भिजवून पंपावर टाकला, थोडा वेळ वाट पाहिली आणि चावी फिरवली. गाडी सुरू झाली. मेहुण्याचा मान वाढला, टॉवेल कामातून गेला. तासाभरानं गाडी पुन्हा थांबली.

तीन दिवस हेच चाललं. साहेबांनी फिल्टर बदलला, नळ्या फुंकल्या, कॉइल बदलली. दर उपायानंतर गाडी सुरू व्हायची आणि दर वेळी साहेबांना कारण सापडलेलं असायचं. वाटेतल्या एका गॅरेजवाल्यानं इंजिनाला कान लावला, डोळे मिटले आणि पंप गेलाय असं सांगितलं. नवा पंप बसवून त्यानं गाडी गल्लीत फिरवून आणली. गल्ली लहान होती, त्यामुळे गाडी उत्तम चालली.

त्या काळात ताई घडीची खुर्ची काढून बाहेर बसत. गाडी एकदा लाकडाच्या वखारीसमोर थांबली. तिथल्या मालकिणीनं त्यांना करवतीच्या आवाजावरून ओलं लाकूड कसं ओळखायचं ते ऐकवलं. एकदा तळ्याकाठी थांबली, तर ताई गुडघाभर पाण्यात जाऊन आल्या. लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत त्यांनी जे काही पाहिलं होतं, ते चालत्या गाडीच्या खिडकीतून. साहेबांच्या प्रवासात मधली ठिकाणं म्हणजे पोचायला लागणारा उशीर.

चौथ्या दिवशी पेट्रोल पंपावर साहेब नेहमीसारखे बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. ताईंनी किल्ली दिली, पंपावरच्या मुलीनं झाकण फिरवलं, आणि टाकीनं ‘स्सूं’ करून लांबलचक श्वास आत ओढला.

ताईंनी बरीच वर्षं पाळणाघर चालवलं होतं. बाटलीचं झाकण गच्च पिळलं की हवा आत जात नाही, दूध येईनासं होतं, आणि बाळ चोखून चोखून लालबुंद होतं. आई म्हणते बाळाला भूक नाही, आजी म्हणते दृष्ट लागली. झाकण जरा सैल केलं की बाळ मुकाट पितं. ताईंनी टाकीकडे पाहिलं, नव्या झाकणाकडे पाहिलं. त्याला श्वास घ्यायला भोकच नव्हतं. गाडी उभी राहिली की फटीफटीतून हळूहळू हवा आत शिरायची, म्हणून थोड्या वेळानं ती आपली आपण सुरू व्हायची. त्यांनी ते लावताना एक आटा सैल ठेवलं. खरं ठरलं की सांगू, असं त्यांनी ठरवलं.

खरं ठरलं. गाडी त्या दिवशी कुठे म्हणता कुठे थांबली नाही.

“पंपच होता,” साहेब खुशीत म्हणाले. “मला पहिल्यापासून वाटत होतं.”

मागचा सगळा उशीर त्यांना त्याच दिवशी भरून काढायचा होता. वाटेत घाट आला, एक जुना दगडी पूल आला, उतारावर सूर्यफुलांची शेतं आली.

“अहो, जरा थांबायचं का?”

“आता कुठे लय सापडलीय, आणि थांबायचं काय?”

दुपारचं जेवण चालत्या गाडीत झालं. ताईंनी उकडलेली अंडी सोलून एकेक त्यांच्या हातात दिली. संध्याकाळी गाडी मुक्कामाला लागली तेव्हा ताईंनी दिवसभरात नीट पाहिलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे पुढच्या ट्रकचा मागचा भाग.

सकाळी साहेब दाढी करत असताना ताई खाली उतरल्या आणि झाकण गच्च पिळून आल्या. त्यांना जराही अपराधी वाटलं नाही, याचं त्यांना थोडं नवल वाटलं.

गाडी एका बंधाऱ्याजवळ थांबली. साहेब बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिले. मग उतरले, पण बॉनेटकडे गेले नाहीत. मेहुण्याचा फोन आला, तोही त्यांनी उचलला नाही. थोड्या वेळानं ताईंच्या शेजारी दुसरी खुर्ची उघडल्याचा आवाज झाला.

“नाहीतरी आपली आपण सुरू होते,” ते म्हणाले. “तिला दम खाऊ दे.”

पाणी बंधाऱ्यावरून पातळ पडद्यासारखं उतरत होतं. साहेबांनी बूट काढले. मग मोजे काढले. ताईंनी त्यांचे पाय दिवसाउजेडी असे उघड्यावर कधी पाहिले नव्हते. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

निघताना ताईंचं मन पाघळलं. माणूस एवढा नरमला, आता छळ पुरे, असं वाटून त्यांनी झाकण सैल केलं. आज रात्री सगळं सांगून टाकायचं आणि उद्या दादांकडे वेळेत पोचायचं, असा बेत त्यांनी मनाशी केला. गाडी छान पळत होती. समुद्राचा पहिला तुकडा दोन टेकड्यांमध्ये दिसला, तोच साहेबांनी गाडी हळू केली, कडेला घेतली आणि चावी बंद केली.

“काय झालं?” ताईंनी विचारलं.

“आचका दिला ना आत्ता. तुला जाणवला नाही?”

आचका बसला नव्हता. इंजिनाच्या तापमानाचा काटाही आपल्या जागी निवांत होता. ताईंनी काट्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. तिथेही काही सापडलं नाही. साहेब खुर्च्या काढायला मागे गेले.

तेवढ्यात फोन वाजला. थोरला भाऊ विचारत होता, जेवायला थांबायचं की नाही.

“थांबू नकोस, दादा,” साहेब म्हणाले. “जुनी गाडी. कधी पोचू, काही सांगता येत नाही.”

हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. ताईंनी झाकणाचा विषय काढायचं रद्द केलं आणि चहाचं आधण ठेवलं.