ऱ्हस्व किव

धाकट्या भावाचं पत्र येऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्याला उत्तर गेलं नव्हतं. म्हातारा ते विसरला असता तर गोष्ट वेगळी. पण त्याला पत्र तोंडपाठ होतं. वहीची चार पानं, भावाच्या तिरक्या अक्षरात. भावाला घरात सगळे भोंगा म्हणत, कारण लहानपणी त्याचा आवाज तीन घरं ओलांडून जाई. वडिलांच्या आजारपणात दोघांची जुंपली, भोंगा दूरच्या शहरात निघून गेला आणि बऱ्याच वर्षांच्या अबोल्यानंतर एकदम हे पत्र आलं. तिसऱ्या पानावर एक ओळ होती : ‘दादा, हल्ली मला माझीच किव येते.’

म्हाताऱ्याचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. लाल पेन हातात कधी आलं ते त्याला कळलंच नाही. ‘किव’ची वेलांटी त्याने दीर्घ केली, समासात खूण केली आणि पुढची ओळ वाचायला घेतली. चौथ्या पानाच्या शेवटी होतं, ‘एकदा ये, नाहीतर चार ओळी तरी लिही.’ तिथे चूक नव्हती.

उत्तर लिहायला तो त्याच संध्याकाळी बसला होता. पहिला मजकूर उपदेशासारखा वाटला, दुसरा रडका. तिसऱ्यात ‘परंतु’ चार वेळा आला. मग दिवसांचे महिने झाले, आणि इतक्या उशिराचं कारण काय लिहायचं, हा नवाच पेच होऊन बसला. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. तेव्हापासून तो एक वेळ जेवे, दाराबाहेर सहसा पडत नसे.

एकदा विजेचं बिल शोधताना लेकीच्या हाती ड्रॉवरमधला तो गठ्ठा लागला.

“बाबा, हे सगळं एकच पत्र आहे?”

“एकच. खर्डे आहेत.”

“एकसष्ट खर्डे? आणि ह्यात तर नुसतं ‘प्रिय’ आहे. तेही खोडलंय.”

“ते जरा कोरडं वाटलं.”

लेक जमिनीवरच बसली. “काका अजून त्याच पत्त्यावर आहेत?”

“ठाऊक नाही.”

“आहेत तरी का, बाबा?”

म्हाताऱ्याने गठ्ठ्याच्या कडा ठोकून सारख्या केल्या.

आठवड्याभराने तिने सांगितलं, एका समुपदेशक बाईंशी बोलणं झालं आहे. पहिला फोन फक्त ओळखीचा, वीस मिनिटांचा.

“मला वेड लागलंय का?”

“नाही. पण तुम्ही माझ्याशी बोलत नाही, आईच्या खुर्चीशी बोलता. खुर्ची काही उत्तर देत नाही.”

“म्हणूनच तर.”

लेक हसली नाही. “बुधवारी अकरा वाजता. त्यांचा मेसेज आलाय तुमच्या फोनवर. आणि हात जोडते, त्यात चुका काढू नका.”

मेसेज चार ओळींचा होता. शांत जागी बसा, पाणी जवळ ठेवा, पुर्वतयारीची गरज नाही. त्या ‘पु’पाशी म्हाताऱ्याची नजर ठेचकाळली, पण धास्ती घेतली ती त्या गरज नसण्याची. तयारीशिवाय त्याने आयुष्यात दुकानदाराशीही बोलणं केलं नव्हतं. त्याने जन्मापासून सुरुवात करून दीड पान लिहून काढलं, दोनदा तपासलं आणि बुधवारी साडेदहापासून चष्मा पुसत बसला.

अकराला फोन वाजला. आवाज मध्यमवयीन बाईचा, किंचित सर्दी झालेला.

“नमस्कार. आत्ता बोलायला सोयीचं आहे ना? जवळपास कुणी आहे?”

“खुर्ची आहे,” तो म्हणाला आणि घाबरला. “म्हणजे, कुणी नाही.”

“बरं. आधी मी सांगते आज काय करायचं. आज उपचार असे काही नाहीत. तुम्हाला काय होतंय ते थोडं ऐकेन, मी कसं काम करते ते सांगेन. जे सांगायचं नसेल ते सांगू नका. बोललेलं माझ्यापाशीच राहतं. फक्त कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला मदत बोलवावी लागते. चालेल?”

त्याने हो म्हटलं आणि कागद उघडला. जन्म, शाळा, छापखाना. सातव्या ओळीवर बाई हळूच म्हणाल्या, “तुम्ही वाचून दाखवताय का?”

म्हाताऱ्याचे कान तापले. “हो. चांगला तपासलेला आहे.”

“तो असू द्या जवळ. मला एवढंच सांगा, हा फोन घ्यायला तयार झालात ते कशासाठी?”

कागदावर ते नव्हतं. त्याने कागद उलटून पाहिला. लोक बोलण्यातली अशी मोकळी जागा पटकन भरून काढतात. बाईंनी भरली नाही.

“भावाला उत्तर लिहायचंय,” तो शेवटी म्हणाला. “तेवढंच.”

मग त्याने सांगितलं. तुटक, मागचं पुढे, पुढचं मागे. तिसऱ्या पानावरची ओळही सांगितली.

“ती ओळ वाचली, तेव्हा पहिल्यांदा मनात काय आलं?”

“दीर्घ हवा.”

“कळलं नाही मला.”

“कीव. की दीर्घ हवा. त्याने ऱ्हस्व लिहिली होती. मी सुधारली.”

पलीकडे पेन कागदावर चालल्याचा आवाज आला, मग थांबला.

“एक प्रश्न मी पहिल्या फोनवर सगळ्यांनाच विचारते,” बाई म्हणाल्या. “जगणं नको, असं मनात येतं का तुमच्या?”

इतका सरळ प्रश्न त्याला कुणी कधी विचारला नव्हता. त्यानेही कुणाला विचारला नव्हता.

“मरावंसं नाही वाटत. पण सकाळी डोळे उघडले की वाटतं, आलाच का हाही.”

“रोज?”

“रविवार धरून.”

“स्वतःला काही करून घ्यावं, असं?”

“नाही. तसं नाही.”

“हे सांगितलंत ते बरं केलंत.”

“तोसुद्धा मला हेच...” म्हाताऱ्याने वाक्य सुरू केलं, पण ते पुढे गेलं नाही. तो पाणी प्यायला.

“आता तुम्ही विचारा मला काही,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

“मी पास झालो का?”

“परीक्षा नव्हती हो. उलट मी चालेन का, ते तुम्ही ठरवायचं. दोन दिवस घ्या. नको वाटलं तर तसं कळवा, मी दुसरं नाव सुचवेन.”

“आणि भावाला काय लिहू?”

“ते मी नाही सांगू शकत.”

म्हातारा हिरमुसला. एवढी वीस मिनिटं त्याला वाटत होतं, शेवटी मजकूर मिळेल. त्या हिरमोडात लेकीने हात जोडून सांगितलेलं मोडलंच. “तुमच्या मेसेजात ‘पूर्वतयारी’चा पू ऱ्हस्व पडलाय.”

“पडला असेल. माझं शुद्धलेखन शाळेपासून बेताचंच.” बाईंनी नाक पुसल्यासारखं वाटलं. “पण कळलं ना तुम्हाला, मला काय म्हणायचं होतं?”

“कळलं,” तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट खोली आधीपेक्षा रिकामी वाटली. कळलं तर तेव्हाही होतं. न कळायला तो काही मूल नव्हता. ऱ्हस्व किवेतही सगळं कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच तो वेलांटीच्या आड जाऊन बसला होता.

त्याने निळं पेन घेतलं आणि खर्डा न करता लिहिलं :

‘भोंग्या, तुझं पत्र पोचलं होतं. त्याच दिवशी वाचलं. त्यातली एक वेलांटी सुधारली, बाकी काही केलं नाही. तुला जगणं नको झालं होतं का, हे मी विचारायला हवं होतं. आता विचारतो आहे. फार उशीर झाला. तुझी वहिनी गेली. तू आहेस का? दादा.’

पुन्हा न वाचता पाकिटात घातलं, चिकटवलं, जुना पत्ता घातला आणि चपला अडकवल्या.

टपालपेटीपाशी येईपर्यंत ठीक होतं. तिथे हात वर केला आणि शंका आली. ‘उशीर’ नीट लिहिला होता का? उशीर दीर्घ, उशिरा ऱ्हस्व. छापखान्यातल्या नव्या माणसांना त्याने हे शंभरदा सांगितलं होतं. पाकीट उन्हात धरून पाहिलं. कागद जाड होता. घरी जाऊन फोडलं, तर पाच मिनिटांचं काम. पण फोडलं की तो बासष्टावा खर्डा झाला.

मागे पाकिटं घेऊन उभी असलेली बाई म्हणाली, “काका, टाकताय ना?”

“हो,” तो म्हणाला, “टाकतोय,” आणि बोटं सोडली.

पेटी नुकतीच रिकामी केली असावी. पाकीट तळाला आपटल्याचा आवाज आला.