आपसात ठरवून कळवा

पाळणाघराच्या बाईंनी दारातच सांगितलं, “पुढच्या महिन्यापासून पाचला बंद करणार. आईचं दुखणं वाढलंय. जमणार नसेल तर परवापर्यंत सांगा. दोन मुलं जागेसाठी थांबलीत.”

माझी सुट्टी सहाला. छोटीला कडेवर घेऊन, तिची पिशवी गुडघ्याने पुढे ढकलत मी “बघते” म्हणाले. बघण्यासारखं काही नव्हतं. दुसरं पाळणाघर शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे एक बाई आणि बारा मुलं, आणि गॅलरीला उंच कठडा नाही. ते मी बघून आलेय.

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. तक्रारींचे फोन घेऊन मेकॅनिक पाठवायला आम्ही दोघीच, मी आणि काकू. काकूंचं वय चाळीस. पण डबा उघडला की आधी दुसऱ्याला वाढतात, म्हणून ऑफिसभर त्या काकू. आमच्या खुर्च्या पाठीला पाठ. संध्याकाळचा शेवटचा तास सगळ्यात वाईट, कारण तेव्हाच माणसं घरी परततात आणि तेव्हाच लिफ्ट बंद पडतात. तो तास माझ्याकडे आहे. सकाळी आठला येऊन फोन सुरू करायचं काम काकूंकडे, म्हणून त्या साडेचारला सुटतात. मला हवी होती अदलाबदल.

“विचार की त्यांना,” नवरा म्हणाला. “मागेच तर बसतात.”

“आज हो म्हणतील, उद्या विसरतील. लेखी असलेलं बरं.”

“अगं, तू तास मागतेयस, जमीन नाही.”

तो दिवसभर फिरतीवर असतो, त्याला बोलायला सोपं. सकाळी मी मेल लिहिला. चार परिच्छेद झाले. पाळणाघर, बाईंची आई, छोटीची सर्दी, माझे आजवरचे उशीर आणि त्या प्रत्येकाचं कारण. विषयात नुसतं ‘वेळेबाबत’. मग वाटलं, काकू नाही म्हणाल्या तर? म्हणून साहेबांना सीसी केलं. साहेब मनुष्यबळवाल्या मॅडमना विचारणारच, म्हणून त्यांनाही. आणि पाठवला.

पाठीमागे काकूंचा संगणक टिंग वाजला. त्या कुठल्यातरी मेकॅनिकला फोनवर पत्ता सांगत होत्या, “पाण्याच्या टाकीच्या मागे, हां, हिरवं गेट.” फोन ठेवला. मग टाइप करण्याचा आवाज, कळा जरा जोरातच.

‘आपल्या मेलच्या संदर्भात कळविण्यात येते की, सायंकाळची वेळ स्वीकारणे मला शक्य नाही. आपण यापूर्वीही तीनदा लवकर गेला होतात, त्यावेळचे फोन मी घेतले आहेत.’

‘आपण’ मी दोनदा वाचलं. काकू मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करतात. खाली त्यांनी जुने मेल जोडले होते, आणि हिशेब विभागाचे प्रमुख व मेकॅनिकांचा अख्खा गट सीसीत घेतला होता.

गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. ‘यापूर्वी कळविल्याप्रमाणे’ असं सुरू करून मीही लिहिलं. हिशेबवाल्यांनी सगळ्यांना उत्तर पाठवलं, ‘कृपया माझे नाव यातून काढावे.’ त्यावर कुणीतरी सगळ्यांनाच, ‘माझेही.’ दुपारी साहेबांचा मेल आला, ‘आपसात ठरवून कळवा.’ काचेच्या केबिनमधून ते आम्हा दोघींकडे बघत होते. मी मान वर केली तशी त्यांनी फायलीत डोकं घातलं.

जेवणाच्या सुट्टीत काकूंनी डबा खुर्चीतच उघडला. मी माझा माझ्या खुर्चीत.

तीनच्या सुमाराला थोरला मेकॅनिक किल्ल्या ठेवायला आला. हात ग्रीसने काळे.

“काय चाललंय हो तुमचं? मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेलो आणि खिशात टिंग टिंग. म्हटलं कोण अडकलं. वर येऊन बघतो तर तुम्ही दोघी.”

“तू तुझं काम कर,” काकू म्हणाल्या.

“करतोय की. पण अडकलेला माणूस घंटा वाजवतो, काकू. अर्ज नाही लिहीत.”

तो गेला. मी खुर्ची फिरवली. काकूंची पाठ, निसटलेला अंबाडा, मानेवर घाम. एवढ्या जवळ की हात लावता आला असता.

“काकू.”

“बोला.”

“मला तुमच्याशी आधी बोलायला हवं होतं.”

त्या वळल्या नाहीत. “साहेबांना कशाला घातलंस मध्ये?”

“तुम्ही नाही म्हणालात तर, म्हणून.”

“मी नाही म्हणायच्या आधीच तू वकील घेऊन आलीस.” आता त्या वळल्या. डोळे दमलेले होते, रागावलेले नव्हते. “ताकाला जायचं तर भांडं लपवू नये गं. सकाळी आठला यायचा मलाही वीट आलाय. तुझं मूल लहान, तुला कसं म्हणू सकाळी ये, म्हणून गप्प होते.”

“मी येईन आठला. सकाळी नवरा सोडेल तिला.”

“मग हे आधी बोलायला काय झालं होतं? आता सगळ्यांसमोर नाही म्हणून बसलेय. उद्या हो म्हटलं की म्हणतील, काकू नमल्या.”

“मी लिहिते की चूक माझी.”

“आता काही लिहू नकोस बाई.” त्यांनी डोळे चोळले. “मंगळवार सोडून जमेल. मंगळवारी ह्यांना गुडघ्याच्या व्यायामाला न्यावं लागतं.”

आम्ही दोघी केबिनमध्ये गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं, मान हलवली. “छान. मग एक मेल टाका ना तसा. सगळ्यांना सीसी करून.” काकूंनी माझ्याकडे बघितलं. दोघींनाही हसायचं त्राण नव्हतं.

जागेवर आले तर पाळणाघराचा फोन. “ठरलं का? जागेसाठी थांबलेल्या मुलाची आई समोर बसलीय.”

“चार दिवस पाचच्या आत येते.”

“आणि पाचवा? मला अर्धवट नको हो. जागा एकच आहे.”

मंगळवार, मंगळवार एवढंच डोक्यात.

“हो म्हण त्यांना,” काकू मागून हलक्या आवाजात म्हणाल्या. “मंगळवारी ह्यांना एकटे जा म्हणेन. पाय तुटलेला नाहीये काही. पण हे मेलमध्ये घालू नकोस. एखाद्या मंगळवारी नाही जमलं, तर तोंडी सांगेन. तेव्हा तू बघ.”

एखाद्या मंगळवारी नाही जमलं तर. हे कुठेच लिहिलेलं असणार नव्हतं.

“येते,” मी फोनमध्ये म्हटलं. “पाचही दिवस.”

पलीकडे छोटी रडत होती. मी कान देऊन ऐकलं. झोपेचं रडणं होतं.