हेडमास्तर रस्ता चुकला

"अरे, तुला झालंय तरी काय आज?" हौदावर ओणवी होत ताई म्हणाली.

पांढरट, गढूळ केलेल्या पाण्यात हेडमास्तर पोहत होता. हेडमास्तर म्हणजे प्रयोगशाळेतला सगळ्यांत हुशार उंदीर. नाव तिनंच ठेवलेलं. उंदरांचे दोन गट होते. एका गटाला विसरण्याचा आजार मुद्दाम दिलेला, दुसरा गट धडधाकट. पाण्याखाली, दिसणार नाही अशी एक फळी असे. भिंतीवरच्या खुणा बघून जो तिची जागा लक्षात ठेवी, तो थेट तिच्यावर जाऊन बसे. आजारी बिचारे नुसते गोल गोल फिरत. भिजलेले उंदीर टॉवेलनं पुसण्यात मदतनीस ताईची उभी हयात गेली होती.

हेडमास्तर धडधाकटांतला, नाकासमोर पोहत फळी गाठणारा. आज मात्र तो एकाच जागी घिरट्या घालत होता.

"गेलास ना तूही कामातून?" ताई हळहळली. तिनं त्याला उचलून पुसलं, पिंजऱ्यात ठेवलं आणि फळी चाचपायला हात पाण्यात घातला. हात थेट तळाला लागला. सकाळी धुतलेली फळी मागच्या बेसिनमध्येच पडली होती.

फळी ठेवल्याचं तिला चक्क आठवत होतं! वाकल्याचं, पाठीत कळ आल्याचं, सगळं. मग ते कधीचं होतं? कालचं? तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी आई तिलाच "आपण कोण?" असं विचारायची, तेही इतक्या अदबीनं की काळजाचं पाणी पाणी व्हावं.

"ताई, फळी काढून घेतली होतीत का?" पडद्यावर पोहण्याचं चित्रण बघत प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी विचारलं. "नाहीतरी फळी काढल्यावर तो तिची जागा शोधतो का, ही चाचणी करायचीच होती."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी सुटका होती. जीभ वळलीही होती. पण उद्या उंदरांना औषध देताना असंच झालं तर?

"नाही मॅडम. मी विसरले. आणि ठेवली असंच वाटत होतं मला."

'होतं हो असं' म्हणून मॅडम हसतील, अशी तिला आशा होती. पण या आजाराचा अभ्यास करता करता मॅडमचे केस पिकले होते. त्या हसल्या नाहीत. त्यांनी स्टूल पुढं ओढलं.

"बसा. मिस्टरांना फोन लावा. बोलावून घ्या इथं."

नवरा महा फटकळ. भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा. ताईनं अडखळत सगळं सांगितलं आणि फोन कानापासून जरा लांब धरला.

ओरडणं आलंच नाही, तेव्हा तिनं फोन परत कानाशी नेला.

"कळलं का तुला?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"वर्षभर बघतोय गं मी. बोलायचा धीर होत नव्हता."

वर्षभरात तो एकदाही ओरडला नव्हता, हे तिला आत्ता जाणवलं. तिला वाटलं होतं, वयानं माणूस निवळला.

"तिथंच थांब. एकटी निघू नकोस. मी आलोच."

"अहो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "ओरडा ना माझ्यावर. पूर्वीसारखं."

त्यानं घसा खाकरला. पण आवाज काही चढला नाही.